चार काळे पाइप

मागच्या महिन्यात एकलहऱ्याला मामांकडे गेलो होतो. द्राक्षबागेसाठी त्यांनी घेतलेल्या छोट्या ट्रॅक्टरचं पॉवर स्टीअरिंग गळत होतं. मी आणि मामेभावाने मोठ्या हौसेने स्टीअरिंगचं युनिट खोललं. युनिटवर पी, टी, एल, आर अशी चार अक्षरं होती. खाली लोंबणारे चारही पाइप मात्र काळे, एकसारखे. आता कुठला कुठे लावायचा? झाली का पंचाईत!

गंमत म्हणजे हायड्रॉलिक ट्रॅक्टरच्या बालपणी ही भानगड नव्हतीच. पूर्वी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जायचा. तो दगडाला अडकला की पुढची चाकं उचलायची आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्याच अंगावर यायचा. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने यावर उपाय शोधला. नांगर ट्रॅक्टरच्या अंगाला जोडायचा आणि त्याची खोली तेलाच्या दाबाने सांभाळायची. त्याचं पेटंट १९२६ चं. १९३९ साली फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरवर ही रचना आली तेव्हा पंप, सिलिंडर सगळं मागच्या धडाच्या पोटात होतं. बाहेर एक नळी दिसत नव्हती.

पुढे डंपिंग ट्रॉली आली, पलटी नांगर आला, पॉवर स्टीअरिंग आलं. तेल धडाबाहेर न्यावं लागलं आणि पाइपांचं जंजाळ सुरू झालं.

मामा एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले. १९७०-७१ चे १४० मेगावॅटचे दोन संच आणि नंतरचे २१० चे तीन. तिथे पाइपांचे किती किलोमीटर असतील कोण जाणे! पण गोंधळ नाही, कारण आयएस २३७९ या भारतीय मानकात रंगच ठरलेत. पाण्याला समुद्री हिरवा, तेलाला फिकट तपकिरी, हवेला आकाशी.

मामा म्हणाले, "अरे, चिठ्ठी खोलायच्या आधी बांधायची असते. आता दुसऱ्या टोकाकडून या."

तसंच केलं. पंपाकडून आलेला पाइप पी. टाकीकडे जाणारा टी. उरले सिलिंडरचे दोन. इंजिन बंद ठेवून पुढचा भाग जॅकवर उचलला, खाली ठोकळे लावले आणि चाकं हाताने उजवीकडे ढकलली. ज्या पाइपातून तेल बाहेर आलं तो एल, कारण उजवीकडे वळताना डाव्या बाजूचं तेल परत फिरतं. प्रत्येक पाइपच्या दोन्ही टोकांना पत्र्याचे बिल्ले बांधले.

एल-आर उलटे लागले असते तर उजवीकडे फिरवलेला ट्रॅक्टर डावीकडे, थेट वेलींत घुसला असता. पी-टी उलटे लागले असते तर सीलच फाटायचं.

शेवटी गळती बघायला मी हात पुढे केला, तर मामा ओरडलेच. पुठ्ठा धरायचा, हात नाही. बारीक भोकातून दाबाने सुटलेलं तेल कातडीत शिरतं. टोचल्यासारखं वाटतं, पण वेळीच दवाखाना गाठला नाही तर बोट जाऊ शकतं.

असो. सोमवारी ऑफिसात माझाच जुना कोड उघडला. 'टेम्प १', 'टेम्प २', 'टेम्प ३'... चारही पाइप काळे!