सिंगापूरच्या शाळांचा जमाखर्च

1823 सालच्या जून महिन्याच्या 5 तारखेस, सिंगापूर बेट कायमचे सोडून जाण्यास अवघे चार दिवस उरले असताना, सर स्टॅम्फर्ड रॅफल्स यांनी ज्या विद्यालयाची कोनशिला बसवली, त्या विद्यालयाच्या इतिहासाचा आरंभच मुळी पैशाच्या वादाने झाला. पौर्वात्य भाषांचे अध्ययन, स्थानिक सरदारपुत्रांचे शिक्षण आणि कंपनीच्या नोकरांचे भाषाज्ञान अशी उदात्त उद्दिष्टे रॅफल्स यांनी योजली होती. परंतु त्यांच्यामागून कारभार पाहणारे रेसिडेंट जॉन क्रॉफर्ड यांना, ज्या वस्तीत साधी प्राथमिक शाळा धड चालत नाही तेथे उच्च विद्येचे मंदिर उभारणे हा द्रव्याचा दुर्व्यय वाटला. बांधकाम अर्धवट राहिले, भिंती ओस पडल्या, आणि 1834 साली स्थापन झालेली एक साधी मोफत शाळा 1837 मध्ये त्या वास्तूत येईपर्यंत तिचा शिक्षणाशी संबंध नावापुरताच राहिला. क्रॉफर्ड यांना अनुदार म्हणण्याची प्रथा आहे. मला ती अन्यायाची वाटते. सरकारी तिजोरीतील पैसा प्रथम कोणत्या मुलावर खर्च व्हावा, हा प्रश्न त्या बेटावर सर्वांआधी स्पष्टपणे त्यांनीच विचारला.

पुढे कित्येक वर्षे या वसाहतीचा कारभार बंगालच्या दप्तरातून चालला, आणि शिक्षणाकडे त्या दप्तराने फारसे लक्ष दिले नाही. 1 एप्रिल 1867 रोजी सिंगापूर ज्यांत मोडत होते त्या स्ट्रेट्स सेटलमेंट्स या वसाहती हिंदुस्थान सरकारच्या अंमलातून निघून थेट लंडनच्या वसाहत खात्याकडे गेल्या; 1870 साली वुली समितीने शाळांच्या दुरवस्थेचा अहवाल सादर केला; आणि 1872 मध्ये ए. एम. स्किनर हे शाळातपासनीस नेमले गेले. आपल्याकडे खेड्यातील शाळेत ‘दिपोटी’, म्हणजे डेप्युटी शाळातपासनीस, येणार म्हटल्यावर जी धांदल उडत असे, तिचे मूळ ज्या व्यवस्थेत होते तीच व्यवस्था समुद्रापलीकडेही रुजू लागली होती. इंग्लंडात 1862 च्या सुधारित संहितेने रूढ केलेली निकालावर अनुदान देण्याची पद्धत, म्हणजे तपासनिसासमोर जितकी मुले वाचन, लेखन आणि अंकगणितात उत्तीर्ण होतील तितक्यांच्या प्रमाणात शाळेस पैसे देण्याची पद्धत, मुंबई इलाख्यात जशी आली तशीच सिंगापूरच्या अनुदानित इंग्रजी शाळांतही आली. हिशेबनिसाच्या दृष्टीने ती निर्दोष होती: माल पाहून मोल द्यावे, यात आक्षेप कोण घेणार?

आक्षेप घेतला तो पुण्याच्या जोतीराव फुले यांनी. 19 ऑक्टोबर 1882 रोजी हिंदुस्थानातील शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात त्यांनी असे प्रतिपादन केले की, ज्या दरिद्री आणि अज्ञ समाजात शिक्षणाची गोडीच अद्याप उत्पन्न झालेली नाही, त्याच्यात विद्याप्रसार करण्यास ही पद्धत उपयोगाची नाही, कारण अशा लोकांत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढून कोणाही शिक्षकाचे पोट भरणार नाही. सिंगापूरविषयी फुले यांनी काही लिहिलेले नाही. तरी तेथील शिक्षणाचा इतिहास वाचताना मला त्यांच्या या युक्तिवादाची वारंवार आठवण होते. जे मूल परीक्षेपर्यंत पोहोचतच नाही, त्याच्यासाठी या हिशेबात रकानाच नव्हता.

आणि सिंगापुरात तर संपूर्ण समाजच्या समाज त्या वहीबाहेर राहिले. मलय मुलांसाठी सरकारने विनामूल्य शाळा चालवल्या, इंग्रजी शाळांना अनुदान मिळाले. पण लोकसंख्येत बहुसंख्य असलेल्या चिनी लोकांनी आपल्या शाळा स्वतःच्या ज्ञातिसंस्थांच्या आणि व्यापाऱ्यांच्या देणग्यांवर उभ्या केल्या. 1920 च्या कायद्याने शाळा, व्यवस्थापक आणि शिक्षक यांची नोंदणी सक्तीची केली, तेव्हा तपासणीचा हात आधी आला आणि मदतीचा हात, तोही आखडता, नंतर. उत्तरदायित्व मागणाऱ्याने आधी काही दिलेले असावे लागते. येथे तसे झाले नाही, आणि सरकारी हिशेबाविषयी चिनी शाळांच्या मनात जो संशय बसला तो दीर्घकाळ निघाला नाही. 1956 च्या सर्वपक्षीय समितीच्या अहवालाने मलय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी या चारही माध्यमांच्या शाळांना समान वागणूक देण्याची शिफारस केली, आणि 1957 च्या शिक्षणविषयक कायद्याने अनुदान व त्याच्या अटी या दोन्ही गोष्टी एका चौकटीत आणल्या.

1959 नंतर स्वराज्यातील सरकारपुढे मुलांची संख्या वाढत होती आणि द्रव्य मोजके होते. तेव्हा जो मार्ग सर्वत्र अवलंबला गेला तो दुहेरी सत्राचा: एकाच इमारतीत सकाळी एक शाळा आणि दुपारी दुसरी. त्याच वर्गात, त्याच बाकांवर, त्याच फळ्यासमोर दिवसातून दोनदा मुले बसत, आणि एका इमारतीच्या खर्चात दोन शाळांचे काम होई. दगड-विटांच्या हिशेबाने याहून फलदायी काटकसर क्वचितच कोणी केली असेल. मात्र दुपारच्या सत्रातील मुलाने भर उन्हात, अर्धा दिवस सरल्यावर, पुस्तक उघडायचे आणि शाळा सुटल्यावर खेळाच्या मैदानावर त्याला फार वेळ मिळू नये, याची किंमत त्या अंदाजपत्रकात मांडलेली नव्हती. ती किंमत सरकारने पुढे मान्य केली. सर्व प्राथमिक शाळा 2016 पर्यंत एकाच सत्रात आणण्याचे धोरण 2009 साली ठरले, म्हणजे अडचणीच्या काळातील उपाय समृद्धीच्या काळातही किती वर्षे टिकून राहतो हे यावरून दिसते.

हिशेबाची दृष्टीच बदलली ती 1979 मध्ये. उपपंतप्रधान गो केंग स्वी हे अर्थशास्त्रज्ञ होते आणि संरक्षण खाते सांभाळत होते. त्यांनी शिक्षण खात्याची झाडाझडती घेण्यासाठी जी मंडळी जमवली ती शिक्षणशास्त्रज्ञ नव्हती, प्रणाली-अभियंते होती. त्यांच्या अहवालात मध्यवर्ती कल्पना होती शैक्षणिक अपव्ययाची: मूल शाळेत येते, वर्षे घालवते, आणि अपेक्षित पात्रता न मिळवता बाहेर पडते. शाळेला किती रक्कम दिली आणि पावत्या जुळल्या का, एवढ्यावर न थांबता त्या रकमेतून शेवटी किती मुले काही शिकून बाहेर पडली हे विचारणे, आणि न शिकलेल्या मुलाला सरकारी नुकसान म्हणून वहीत लिहिणे, हे मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठे पाऊल वाटते. फुले ज्या मुलाविषयी बोलत होते ते मूल येथे अखेर दप्तरात नोंदले गेले.

परंतु उपाय जो निघाला तो कठोर होता. मुलांची कुवत पाहून, प्राथमिक तिसरीच्या अखेरीस, त्यांना वेगवेगळ्या प्रवाहांत वाटण्यात आले. गळती पुढे कमी झाली हे खरे. पण नऊ वर्षांच्या मुलाच्या कपाळी जो शिक्का बसला तो पुसण्यास राष्ट्राला चार दशके लागली, आणि माध्यमिक शाळांतील प्रवाहांचा भेद 2024 मध्ये प्रवेश घेणाऱ्या तुकडीपासून नाहीसा झाला. 1992 पासून शाळांच्या क्रमवाऱ्या प्रसिद्ध होऊ लागल्या तेव्हाही निकालावर अनुदानाचेच तत्त्व वेगळ्या वेषात परत आले, फरक इतकाच की पैशाऐवजी आता प्रतिष्ठा वाटली जात होती. त्या क्रमवाऱ्याही पुढे सौम्य केल्या गेल्या आणि 2012 मध्ये शाळांचे गुणानुक्रमे गट पाडणेही बंद झाले.

याच काळात दोन गोष्टी मात्र अनुकरणीय घडल्या. 1988 पासून काही निवडक शाळांना नेमणुका, शुल्क आणि खर्च यांबाबत मुखत्यारी मिळाली. आणि 1993 मध्ये एड्युसेव्ह नावाचा निधी सुरू झाला, ज्याची मुद्दल अखंड राखून केवळ तिच्या उत्पन्नातून प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावे वर्षाकाठी रक्कम जमा करण्यात येते. आपल्याकडील देवस्थानांच्या इनामांची घडण ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे तत्त्व नवे वाटणार नाही. नवे आहे ते त्याचे विद्यार्थ्याच्या नावाने उघडलेले खाते.

महालेखापरीक्षकांची नजर या व्यवस्थेत किती खोल जाते, याचे उदाहरण 2018 सालचे आहे. शिक्षणसंस्थांच्या आवारात मोटारी उभ्या करण्यास योग्य आकार न घेणे म्हणजे छुपे अनुदान देणे होय, असा आक्षेप लेखापरीक्षणात निघाला, आणि शिक्षण मंत्रालयाने त्या वर्षीच्या 1 ऑगस्टपासून शाळांतील शिक्षकांनाही उघड्या जागेसाठी वर्षाला 720 डॉलर व छपराखालील जागेसाठी 960 डॉलर असा आकार लागू केला. सार्वजनिक जागा ही सार्वजनिक मत्ता आहे आणि तिचा फुकट उपभोग कोणाच्याही पगारात दडवता कामा नये, हा विचार शुद्ध आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. तरीही त्या वेळी शिक्षकांच्या बाजूने जे म्हटले गेले ते विसरण्याजोगे नाही: शाळा सुटल्यानंतर मुलांसाठी थांबून दिलेले तास आणि वर्गातील बक्षिसांसाठी, साहित्यासाठी स्वतःच्या खिशातून घातलेले पैसे यांची पावती कोणी कधी मागितली नव्हती, आणि कोणत्याही लेखापरीक्षकाने ते सरकारला मिळालेले छुपे अनुदान म्हणून जमेकडे मांडले नव्हते.