सॉफ्टवेअर-ग्राहकांचे वर्गीकरण

सॉफ्टवेअर-ग्राहकांचे वर्गीकरण तीन प्रश्नांवर होते : ग्राहक कोणामार्फत आला, सॉफ्टवेअर कोणाच्या यंत्रावर चालते आणि त्याची प्रत स्वतंत्र की सामायिक. एका प्रश्नाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर कळत नाही. तरी व्यवहारात ‘क्लाउडवाला ग्राहक’ म्हणून सगळे एका रकान्यात कोंबले जाते आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

ग्राहक थेट विक्रीतून, निविदेतून, भागीदार विक्रेत्याकडून किंवा स्वतः संकेतस्थळावर नोंदणी करून येतो. सिडनीत २००२ साली निघालेली अ‍ॅटलासियन कंपनी मुख्यतः या शेवटच्या मार्गाने वाढली. विक्री-प्रतिनिधींची फौज तिने सुरुवातीला बाळगलीच नाही. बंगळूरच्या टॅली या हिशेब-सॉफ्टवेअर कंपनीचा पसारा मात्र गावोगावच्या भागीदारांवर उभा आहे. जीएसटीचे विवरणपत्र अडले, की दुकानदार आधी आपल्या ‘टॅलीवाल्या’ला फोन लावतो.

दुसरा प्रश्न यंत्राचा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०११ मध्ये क्लाउडच्या उभारणीचे खासगी, सामुदायिक, सार्वजनिक आणि संमिश्र असे चार प्रकार सांगितले. दुकानदाराच्या गल्ल्याशेजारचा संगणक मात्र यांपैकी कशातच बसत नाही. भारतीय वर्गीकरणात त्याला वेगळा रकाना ठेवावाच लागतो.

प्रतीचा प्रश्न सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. सेल्सफोर्स या कंपनीचे (स्थापना १९९९) ग्राहक एकच सामायिक प्रणाली वापरतात. नवी आवृत्ती आली की ती सर्वांनाच मिळते. याउलट ‘टॅली ऑन क्लाउड’ नावाने भागीदार जे विकतात, त्यात पुष्कळदा ग्राहकाचाच परवाना भाड्याच्या सर्व्हरवर टाकलेला असतो आणि दुकानदार घरबसल्या त्यात शिरतो. त्याला क्लाउड ग्राहक म्हणावे, तर परवाना त्याचा स्वतःचा; जुन्या पद्धतीचा म्हणावे, तर दुकानात सर्व्हर नाही. तीन रकाने वेगळे असले की हा पेच उरत नाही.

नोंद कायमचीही नसते. अ‍ॅटलासियनने २०२१ मध्ये ग्राहकाच्या स्वतःच्या यंत्रावर चालणाऱ्या ‘सर्व्हर’ प्रकारचे नवे परवाने विकणे थांबवले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या प्रकाराला तांत्रिक साहाय्य देणे बंद केले. त्या ग्राहकांना कंपनीच्या क्लाउडवर जाणे किंवा स्वतःच चालवायची ‘डेटा सेंटर’ आवृत्ती घेणे भाग पडले. ग्राहक तेच, पण अनेकांचा यंत्राचा रकाना बदलला. भारतात एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने देयक-व्यवहारांची माहिती देशातच साठवण्याचा आदेश काढल्यापासून देयक-क्षेत्रातील ग्राहकापुढे सर्व्हर कोणत्या देशात आहे, हेही नोंदवावे लागते.