सर्व्हरच्या इमेजला ताम्रपट हवा

तुम्ही वाशीमकडचे असाल, तर वत्सगुल्म हे आपल्या शहराचं जुनं नाव तुम्हाला ठाऊकच असेल. इथेच १९३९ मध्ये वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला. दान कोणी दिलं, कोणाला दिलं, राज्याचं कितवं वर्ष (३७ वं), सगळं पत्र्यावरच कोरलेलं. म्हणून तर वाकाटकांची वत्सगुल्म शाखा आपल्याला कळली.

आता माझ्या पीएच.डी.ची गोष्ट. प्रयोगांसाठी मला एक क्लाउड सर्व्हरची इमेज वारशात मिळाली होती. इमेज म्हणजे सगळं सॉफ्टवेअर बसवून गोठवलेली मशीनची प्रत. ती एका सीनियरने हाताने तयार केली होती. तो नोकरीला लागला, निघून गेला. नव्या मशीनवर तोच प्रोग्रॅम वेगळी उत्तरं देऊ लागला. फरक कशामुळे? नोंदच नव्हती. सहा महिन्यांची मोजमापं मला प्रबंधातून काढावी लागली.

यावरचा उपाय मात्र जुनाच आहे. १९९३ मध्ये ओस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन लिहिलं. कल्पना साधी: आज्ञांची यादी द्यायची नाही, मशीन शेवटी कशी दिसायला हवी ते लिहायचं, कमी असेल तेवढंच टूल पुरं करतं. २००५ मध्ये पपेट आलं. २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने ईसी२ सुरू केलं आणि एका इमेजवरून शंभर सर्व्हर उभे करणं सोपं झालं. म्हणजे चूकही शंभर ठिकाणी!

मग प्रश्न आला: प्रत्येक सर्व्हर चालू झाल्यावर सजवायचा, की आधीच इमेजमध्ये सगळं भरायचं? पहिल्यात वेळ जातो, दुसऱ्यात आत काय आहे ते विसरलं जातं. २०१२ चं अ‍ॅन्सिबल आणि २०१३ चं पॅकर यांची जोडी इथे कामी येते. पॅकर तात्पुरती मशीन उभी करतं, अ‍ॅन्सिबल एसएसएचने आत जाऊन लिहिल्याप्रमाणे सगळं बसवतं, मग पॅकर इमेज काढून ती मशीन मोडून टाकतं. हातात दोन गोष्टी राहतात: इमेज, आणि ती कशी झाली याचा मजकूर.

दोन पथ्यं मात्र पाळा. मजकुरात ‘सगळ्यात नवी आवृत्ती’ असं लिहू नका, नेमका आकडा लिहा. नाहीतर सहा महिन्यांनी त्याच मजकुरातून दुसरीच इमेज निघेल. आणि पासवर्ड इमेजमध्ये भरू नका, प्रत्येक प्रतीसोबत तो फिरत राहतो.

उद्या कोणी तुम्हाला तयार इमेज दिली, तर आधी तिचा मजकूर मागा. मी मागितला नव्हता.