पेटाऱ्यातील राजवस्त्रे

लग्नघरी वरबाप सकाळपासून नटूनथटून ओटीवर येऊन बसला म्हणजे घरातली एखादी वडीलधारी बाई ‘काय हा जामानिमा!’ असे म्हणून जाते, तेव्हा आपण दोन मृत वस्त्रांची नावे उच्चारली याची जाणीव तिला नसते आणि ऐकणाऱ्यांनाही नसते. जामा म्हणजे छातीशी घट्ट बसणारा व कमरेखाली घोळदार होत गेलेला पायघोळ अंगरखा, आणि निमा म्हणजे त्याच्या जोडीचे आखूड वस्त्र. ही दोन्ही दरबारातून, दरबार बुडाल्यावर सरदारांच्या वाड्यांतून आणि अखेर वाड्यांतल्या पेट्यांतूनही नाहीशी झाली. शब्द तेवढा उरला, आणि तोही थट्टेपुरता. शिरपावाचे असेच झाले. डोक्यापासून पायांपर्यंतचा जो पोशाख राजाने प्रसन्न होऊन द्यावयाचा, त्याचे नाव आता कोणत्याही शाबासकीला चालते. पगडीची गत तर याहून चमत्कारिक, कारण मुंबईत जो मनुष्य आज खोलीसाठी पगडी मोजून देतो, त्याच्या डोक्यावर बहुधा टोपीही नसते.

पूर्वीच्या राज्यव्यवहारात वस्त्र हे केवळ अंग झाकण्याचे साधन नव्हते, ते एक प्रकारचे चलन होते. कोणास सनद द्यावयाची, कोणाचा मान राखावयाचा, कोणास रुखसत द्यावयाची, या प्रत्येक प्रसंगी किती सणंगे कोणत्या प्रतीची द्यावी याचा दंडक ठरलेला असे. पेशवे दफ्तरातील नोंदींत मंदिल, शेला, किनखाब, शालजोडी यांच्यापुढे रुपये-आण्यांत किंमत मांडलेली आढळते, ती कारकुनाच्या कंजूषपणाने नव्हे. त्या किमतीतच घेणाऱ्याचा दर्जा दडलेला होता. जामदारखान्यातून निघालेला पोशाख घेणाऱ्याच्या घरी जाई, लग्नकार्यात मिरवला जाई, पुढच्या पिढीत उसवून त्याची लहान मुलाची कुंची होई आणि शेवटी त्याच्या जरीचे काठ दुसऱ्याच लुगड्याला लागत. राजवस्त्राने राजवस्त्र म्हणून कायम राहावे अशी त्या काळी कोणाची अपेक्षाच नव्हती. जतन करून ठेवण्याची आवड ही वस्तू वापरातून गेल्यावर उत्पन्न होते.

1843 साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवरा’चा खेळ केला, तेव्हापासून मराठी नाटकाला वेषाची चिंता लागली. देव, राक्षस आणि ऋषी यांचा पोशाख प्रत्यक्ष कोणी पाहिलेला नसल्यामुळे त्यात चूक काढणारा निघत नाही, हा पौराणिक नाटकाचा मोठाच लाभ होय. चकचकीत बेगडाचे मुकुट, लाकडी गदा आणि दाढ्यामिशा एवढ्यावर त्रेतायुग उभे राही. याची कोणी थट्टा करू नये, कारण भरतमुनींनीच आहार्य अभिनयाच्या प्रकरणात नटाला जड अलंकार घालू नयेत, लाखेचे व पातळ पत्र्याचे हलके दागिने करावे, नाहीतर नट घामाघूम होऊन मूर्च्छित पडेल, अशा अर्थाची व्यवहारी सूचना करून ठेवली आहे. रंगभूमीवरील खोटेपणाला शास्त्राचाच आधार आहे.

प्रश्न आला तो ऐतिहासिक नाटकाबरोबर. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक 1861 सालचे, म्हणजे पेशवाई बुडून त्रेचाळीस वर्षे झालेली होती आणि दुसऱ्या बाजीरावाची स्वारी पर्वतीला जाताना ज्यांनी डोळ्यांनी पाहिली असेल, असे साठी-सत्तरीचे गृहस्थ पुण्यात अजून हयात होते. त्यांच्यापुढे पेशवा उभा करणे म्हणजे एका अर्थी अवघड आणि एका अर्थी फारच सोपे काम होते. अवघड अशासाठी की पगडीचा कोन चुकला तर पहिल्या रांगेतला म्हातारा तिथल्या तिथे खाकरला असता, आणि सोपे अशासाठी की त्याच म्हाताऱ्याच्या घरची पेटी उघडली असता हवा तो अंगरखा मिळाला असता. पेशव्यांचा वेष कल्पनेने शिवण्याची त्या पिढीला गरज नव्हती.

शिवछत्रपतींचा मात्र शिवावाच लागला. रायगडावर ज्यांनी मुजरा केला, ते जाऊन दोन शतके लोटली होती, आणि चित्राचा आधार शोधावा तर तोही दगा देणारा. कारण महाराजांचे म्हणून जे चित्र घरोघर लागत होते आणि पाठ्यपुस्तकांतही छापले जात होते, ते वस्तुतः इब्राहिमखान नामक भलत्याच माणसाचे होते, ही गोष्ट वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी 1933 साली अस्सल चित्र उजेडात आणीपर्यंत लोकांना ठाऊक झाली नाही. तोवर कंपन्यांच्या शिंप्यांनी आणि मूकपटवाल्यांनी महाराजांना कितीतरी वेळा कपडे घालून रंगमंचावर आणि पडद्यावर पाठवले होते. त्यांनी काय केले असेल? थोडे पेशवाईचे उचलले, थोडे संस्थानी दसऱ्याच्या स्वारीत पाहिलेले घेतले, थोडे रविवर्म्याच्या छापील चित्रांतून, ज्यांचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला होता, आणि उरलेले आपल्या कात्रीच्या सोयीने बेतले. जुन्या जाम्याचे बंद हिंदू असेल तर डावीकडे आणि मुसलमान असेल तर उजवीकडे बांधीत, असा मोगली अमदानीचा दंडक होता. पण दोन प्रवेशांच्या मधल्या चार मिनिटांत ज्याला अंगरखा उतरवून चिलखत चढवायचे आहे, त्या नटाचा शिंपी हा विचार कशाला करतो? तो बंद शोभेला लावी आणि आत आकड्या बसवी. इतिहाससंशोधकांनी मोडी कागदांतून सनावळ्या दुरुस्त केल्या, परंतु सतराव्या शतकाचे जे रूप आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते ते बव्हंशी या अनामिक शिंप्यांनी बेतलेले आहे, असे माझे मत आहे, आणि ते मी त्यांचा उपमर्द म्हणून मांडीत नाही.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात झाले आणि संगीत नाटकाचा जो वैभवकाळ सुरू झाला, त्याने वेषाचा खर्च कुठल्या कुठे नेऊन ठेवला. 1913 साली गंधर्व नाटक मंडळी निघाल्यावर तर खोटे म्हणून काही रंगमंचावर आणायचेच नाही, अशी बालगंधर्वांची हौस होती. शालू खरा, पैठणी खरी, अत्तरसुद्धा खरे. ‘स्वयंवरा’तील त्यांची रुक्मिणी जे लुगडे नेसे आणि ज्या तऱ्हेने नेसे, तिचे अनुकरण पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांतील स्त्रिया करीत, आणि हे शिकवणारा पुरुष आहे याचे कोणाला वैषम्य वाटत नसे. अर्थात मंडळीच्या कर्जाच्या आकड्यात या हौसेचा वाटा लहान नव्हता. किटसनच्या बत्तीच्या पिवळट झोतात खरी जर जशी मंद, आतून उजळल्यासारखी दिसते तशी खोटी दिसत नाही, हे खरे. पण मागच्या पिटातल्या प्रेक्षकाला हा भेद कळत होता काय, याविषयी मला शंका आहे. तो भेद नटाला कळत होता, आणि कदाचित तेवढ्याच कारणासाठी तो खर्च होत असावा.

या वस्त्रांची निगा राखणे ही एक स्वतंत्र विद्याच होती. किनखाब आणि जरीचे काम पाण्यात घालता येत नाही. घाम मात्र रोजचा. म्हणून खेळ संपल्यावर कपडे उलटे करून वाऱ्यावर टाकावयाचे, मुक्काम असेल तेथे ऊन दाखवावयाचे, पण फार नव्हे, कारण रेशमाचा रंग उडतो. मग घड्यांच्या आत जुनी मलमल घालून, वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळला पाला टाकून पेटाऱ्यात भरावयाचे, आणि घडी दर वेळी निराळ्या जागी मोडावयाची, नाहीतर जुने रेशीम त्याच रेषेवर चिरते. इतके करूनही दमट हवेत चांदी काळवंडत असे. आणि काळवंडली की वस्त्राची पायरी उतरे. नायकाचा अंगरखा उपनायकाला, उपनायकाचा सरदाराला, सरदाराचा चोपदाराला आणि शेवटी गर्दीत उभ्या राहणाऱ्या बिनशब्दांच्या दरबाऱ्याला, असा त्याचा उतरता क्रम असे. मनुष्य मात्र त्याच रंगपटात चोपदारापासून चढत नायक होऊ पाहत असे. एकच अंगरखा आणि एकच नट विरुद्ध दिशांनी जाताना मध्येच केव्हातरी एकमेकांना भेटत असतील.

1932 साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला आणि पाचसहा वर्षांच्या आत बहुतेक कंपन्यांची बिऱ्हाडे मोडली. त्यापूर्वीच कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी ‘सिंहगड’ (1923) काढून ऐतिहासिक वेषाला पडद्यावर नेले होते. तिथे एक निराळीच अडचण होती. त्या काळच्या फितीला तांबड्या रंगाची जाण नव्हती. तांबडे ते काळे पडे आणि निळे ते पांढुरके होई, त्यामुळे रंगभूमीवर ज्याने टाळी घेतली तो डाळिंबी अंगरखा पडद्यावर कोळशासारखा दिसे. वस्त्राची निवड डोळ्याला काय दिसते यावर न करता यंत्राला काय दिसेल यावर करण्याची ती पहिली वेळ. पुढे भालजी पेंढारकरांनी मराठेशाहीवरील चित्रपटांचा जो कारखानाच घातला, त्याने कोल्हापुरात तलवारी, ढाली, मुकुट, मोजड्या करणाऱ्यांची घरे चालवली. के. आसिफ यांच्या ‘मुघल-ए-आझम’साठी (1960) दिल्लीचे शिंपी, हैदराबादचे सोनार आणि आग्र्याचे चर्मकार कामाला लागले असता मुकुट कोल्हापूरकरांकडून करवून घेतले गेले, यात नवल मानण्याचे कारण नाही. त्याआधीच, 1948 साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत, भालजींचा जयप्रभा स्टुडिओ पेटला होता.

पण आगीचे निराळे, रोजचे आणि शांतपणे चाललेले एक काम याहून मोठे आहे. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची बारीक तार. ‘जुनी जर, मोडकी भांडी’ असे ओरडत दुपारच्या वेळी जो फेरीवाला आळीतून जातो, तो शालू, शेला, अंगरखा असे काही पाहत नाही. तो वजन पाहतो. जरीचे काठ कापून जाळावयाचे, रेशमाची राख होऊन जाते, आणि मागे राहिलेली धातूची गुंतवळ टाकणखार घालून मुशीत वितळवावयाची की चांदीची गोटी हाती येते. कंपनी मोडल्यावर देणेकरी दाराशी आले, नट वृद्ध झाला, मुलीचे लग्न निघाले, युद्धकाळात कापडावर नियंत्रण आले; अशा कितीतरी वेळी पेटाऱ्याचे झाकण उघडले गेले आणि दमयंती, रुक्मिणी, आनंदीबाई यांची वस्त्रे तोळ्यांच्या हिशेबाने मोजली गेली. खोट्या जरीला हा धोका नव्हता. तांब्याच्या तारेवर चांदीचा हात फिरवलेली ती कलाबतू जाळून हाती काय येणार? म्हणून ती पेटाऱ्यातच राहिली, हिरवट पडली, तिच्या टिकल्या गळाल्या, आणि आज एखाद्या हौशी संग्राहकाच्या कपाटात ‘जुन्या नाटक कंपनीचा पोशाख’ म्हणून जे काही सन्मानाने टांगलेले असते, ते पुष्कळदा चोपदाराचे असते.

पेटाऱ्यांचा दुसरा वाटा ड्रेपरीवाल्यांच्या दुकानांत गेला. कंपन्यांचे कपडेपट सांभाळलेल्या लोकांनी पुण्या-मुंबईत भाड्याने पोशाख देण्याचा व्यवसाय धरला, आणि तिथे वस्त्राला तिसरा जन्म मिळाला. 1962 साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आल्यापासून ऐतिहासिक नाटकांची पुन्हा जी लाट आली आणि 1974 साली राज्याभिषेकाच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवात जे जागोजागी देखावे झाले, त्यांनी या दुकानांना बरकत आली. 1985 पासून बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘जाणता राजा’त हत्ती-घोड्यांबरोबर शेकडो माणसे वेष चढवून उभी राहू लागली. आता नवा कपडा मखमलीचा नसून तिच्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम धाग्याचा, आणि त्यावरचा जरतार यंत्राने चिकटवलेला. त्याला ऊन नको, वेखंड नको. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मला तानाजीचा म्हणून जो अंगरखा मिळाला होता, त्याच्या आत गळ्यापाशी शाईने लिहिलेली तीन नावे खोडलेली होती आणि चौथे वाचता येत होते. त्याला दुसऱ्या कोणाच्या घामाचा आणि कापराचा वास येत होता, आणि कमरेशी दोन माणसे मावतील इतका तो ढगळ असल्यामुळे गुरुजींनी पाठीमागे टाचण्या लावल्या होत्या.

कोकणातल्या दशावतारी मंडळींनी या सर्व प्रकरणात निराळी वाट धरली, तिचा उल्लेख केलाच पाहिजे. त्यांच्याकडे पेटारा हाच देव असतो. त्यात गणपतीचा मुखवटा आणि वेषाचे सामान एकत्र नांदते, आणि खेळापूर्वी त्याची पूजा होते. मुकुट फुटला तर तिथेच नवी काच बसवतात, शेला विरला तर दुसरा येतो, आणि यांपैकी काय जुने व काय नवे हे विचारण्याची गरज कोणास पडत नाही. जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात पेटारा उघडतो, पहाटे मिटतो आणि पुढच्या गावच्या गाडीत चढतो.

पुण्याच्या ड्रेपरीवाल्यांकडे मात्र गर्दी पाहावी ती शिवजयंतीच्या आधल्या दिवशी. फळीवर मावळ्यांच्या मुंडाशांची चळत असते, खिळ्यांना जिरेटोप लहान-मोठ्या मापांनी टांगलेले असतात, आणि अनामत रक्कम मोजता मोजता एखादी आई विचारते, ‘काका, पाच वर्षांच्या मुलाला होईल असा शिवाजी आहे का?’ काका वर न पाहता पोऱ्याला सांगतात, ‘छोटा शिवाजी काढ रे. बाही उसवलीय, दोन टाके घाल.’