अनुस्वाराचे बिट

जुन्या पोथीचे पान निव्वळ काळ्या-पांढऱ्यात, म्हणजे प्रत्येक बिंदूला एकच बिट देऊन, स्कॅन केले की पहिला बळी जातो तो फिकट अनुस्वाराचा. ठरावीक मर्यादेहून फिकी शाई कागदातच जमा होते. 'तें'चे 'ते' होते आणि नपुंसकलिंगी एकवचनाच्या जागी पुल्लिंगी अनेकवचन येऊन बसते. आठ बिटांत करड्या रंगाच्या २५६ छटा मावतात. तेथे तो ठिपका निदान वाद घालण्यापुरता तरी उरतो.

जेपेगची अडचण नेमकी उलटी. नासिर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव यांनी १९७४ साली मांडलेल्या कोसाइन रूपांतरावर १९९२चे हे मानक उभे आहे. (अहमदांनी या कल्पनेसाठी १९७२ मध्ये मागितलेले अनुदान नाकारले गेले होते!) चित्राचे ८×८ बिंदूंचे चौकोन पाडून डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारीक फरक ते गाळते. चेहऱ्याला हे खपते. अक्षराच्या धारदार कडेभोवती मात्र, दाब वाढवला की, धुरकट कण उमटतात. म्हणजे नसलेला अनुस्वारही दिसू शकतो.

जिफच्या पेटंटवरून १९९४च्या अखेरीस उठलेल्या वादळातून पीएनजी जन्मले, आणि १९९६ मध्ये त्याला वेब कन्सॉर्टियमची मान्यता मिळाली. ते काहीही गाळत नाही. १९८६चे टिफही तसे ठेवता येते; दोहोंत प्रत्येक रंगाला सोळा बिट देता येतात. पाठचिकित्सकाने म्हणूनच छायाप्रत मागताना ती मूळ टिफची आहे की जेपेगवरून केलेली, हे आधी विचारावे. जेपेगचे टिफ केल्याने गेलेली शाई परतत नाही.