टीव्हीच्या पेटीची किल्ली

रविवारी आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची बैठक आहे. विषय एकच, शाळेला स्मार्ट बोर्ड द्यायचा. ग्रुपवर वर्गणीची यादी सुरू झाली आणि मी फक्त विचारलं, "पुढच्या वर्षी याचं लाईट बिल आणि दुरुस्ती कोण बघणार?" लगेच उत्तर आलं, "तू लै निगेटिव्ह बोलतोस बघ." म्हणून ही लांबलचक पोस्ट. आधी वाचा, मग शिव्या द्या.

मी शुक्रवार पेठेत वाढलो. शाळेचं नाव इथे नको. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शाळेला रंगीत टीव्ही मिळाला. नारळ फुटला, पेढे वाटले. मग टीव्ही गेला लाकडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली हेडसरांच्या ड्रॉवरमध्ये. वर्षभरात आम्ही तो दोनदा पाहिला. तेव्हा सरांचा राग यायचा. आता कळतं, टीव्ही डेडस्टॉक रजिस्टरला चढलेला. बिघडला तर जाब सरांना, दुरुस्तीला मात्र एक रुपया नाही. कुलूप लावणार नाही तर काय करणार?

ही गोष्ट आमच्या एकट्या शाळेची नाही. ऑगस्ट 1975 ते जुलै 1976 या वर्षात देशात 'साइट' नावाचा मोठा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-6 उपग्रह वर्षभरासाठी मिळाला आणि सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत टीव्ही लागले. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्या शेजारचा विजापूर जिल्हा होता. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. वीज नव्हती अशा काही गावांत संच बॅटरीवर चालवले. पण उपग्रहच उसना. वर्ष संपलं आणि तो परत गेला.

मग 1984 मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. मराठी मुलांसाठी, मराठीत तयार केलेले कार्यक्रम दूरदर्शनवरून यायचे. माझ्या पिढीला ते नाव ऐकलं तरी बरं वाटतं. पुढे निधी आटला आणि 2017 मध्ये संस्था बंद झाली. तीनच वर्षांनी कोरोनात शाळांना कुलपं लागली आणि टीव्हीवरून शिकवायची वेळ आली. जुलै 2020 मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं, ते एमकेसीएलच्या पुढाकारानं. चांगलं काम. पण ज्या कामासाठी घरची संस्था उभी केली होती, ती गरजेच्या वेळी नव्हती.

आता आपल्याच जिल्ह्यातलं परितेवाडी बघा. माढा तालुक्यातल्या या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी 2009 मध्ये आले, तेव्हा शाळेच्या इमारतीला लागूनच गुरांचा गोठा. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मोबाइल धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. पुढे राज्याच्या पुस्तकांवर असे कोड आले. डिसेंबर 2020 मध्ये गुरुजींना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. आपण टाळ्या बक्षिसाला वाजवल्या. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. कोड कागदावर छापलेला असतो, त्याला कुलूप लागत नाही, तो जळत नाही. आणि कल्पना शिकवणाऱ्याची होती, वरून आलेली नव्हती.

पण कोडला मोबाइल लागतो. घरातला एकुलता एक फोन बापाबरोबर कामावर जातो, तेव्हा काय? याचंही उत्तर सोलापुरातच मिळालं. 2020 मध्येच नीलमनगरमध्ये शिक्षकांनी कामगार वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. त्या वेळच्या बातम्यांत सुमारे 300 भिंतींचा आकडा होता. पाढे, व्याकरण, विज्ञान, सगळं गल्लीत. मुलं येता-जाता वाचायची. रेंज नको, चार्जिंग नको.

म्हणजे स्मार्ट बोर्ड नकोच का? तसं नाही. चांगला बोर्ड चांगल्या शिक्षकाच्या हातात सोनं आहे. पण आपल्याकडे वस्तू घ्यायला पैसा आणि फोटो दोन्ही असतात, ती चालू ठेवायला दोन्ही नसतात. बिल थकलं म्हणून झेडपी शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या आपण वाचल्यात की.

म्हणून माझे तीन मुद्दे. वर्गणीतला एक तृतीयांश हिस्सा बिल-दुरुस्तीसाठी बँकेत ठेवायचा. कोणता बोर्ड, कोणत्या वर्गात, हे आधी शाळेतल्या बाईंना आणि सरांना विचारायचं, अजून कुणीही विचारलेलं नाही. आणि लेखी द्यायचं, की पोरांच्या हातून तो बिघडला तर शिक्षकांना जाब नाही. किल्ली वर्गातच राहील.

माझी वर्गणी आजच पाठवतोय, म्हणजे निगेटिव्ह म्हणायला नको.

तुमच्या शाळेत आलेलं पहिलं यंत्र कोणतं, आणि ते किती दिवस चाललं? खाली लिहा. रविवारी बैठकीत वाचून दाखवतो.