तबकडीवर नाव कुणाचे?

अमेरिकेत मॅडलिब या नावाने ओळखला जाणारा एक कृष्णवर्णीय हिपहॉप निर्माता आहे. खरे नाव ओटिस जॅक्सन. २००१ साली त्याने 'अँगल्स विदाउट एजेस' हा जॅझचा अल्बम काढला. वादक म्हणून पाच जणांचा संच जाहीर केला होता. गंमत अशी की त्यातले चौघे जन्मालाच आले नव्हते! सगळी वाद्ये त्याने एकट्याने वाजवली आणि नावे मनाने रचली. पुढे २००३ मध्ये ब्लू नोट या नामांकित जॅझ कंपनीने आपला जुना साठा त्याच्यासाठी खुला केला आणि त्यातून 'शेड्स ऑफ ब्लू' निघाला. आपल्या पूर्वजांचे संगीत नातवाच्या हाती आले, ते असे.

आता आपल्या मुंबईकडे या. इथे नेमके उलटे घडले आहे. माणसे खरी होती, नावे मात्र गायब झाली.

१९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय जॅझ बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्याच वर्षी, १३ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. गुलामांच्या वंशजांचे संगीत कुलाब्यात वाजत होते, पण त्या नाचघरात परळ-लालबागच्या गिरणी कामगाराला कोण बसू देणार? ते संगीत आपल्या चाळींपर्यंत पोहोचले ते सिनेमाच्या तबकड्यांतून. गोव्याहून आलेले वादक धोबीतलावच्या कुडांमध्ये राहत, रात्री हॉटेलात जॅझ वाजवत आणि दिवसा स्टुडिओत. हळदोण्याच्या अँतोनियो झेवियर वाझ यांना लोक 'चिक चॉकलेट' म्हणत. गिरणी कामगाराचा मुलगा असलेल्या दादरच्या मास्टर भगवान यांच्या 'अलबेला'त (१९५१) त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. संगीतकार म्हणून सी. रामचंद्र यांचे नाव लागले, ते रास्तच. पण त्या काळात वाद्यमेळ रचणाऱ्या आणि वाजवणाऱ्या किती जणांची नावे तबकडीवर छापली गेली? फारच थोड्यांची.

भीमगीतांचे काय? जलशांपासून कॅसेटपर्यंत आपल्या गायन पार्ट्यांनी चळवळ घराघरांत नेली. वामनदादा कर्डक गीताच्या शेवटी 'वामन' हे नाव गुंफत. आम्हाला ती केवळ काव्यरीत वाटत नाही. छापखाना आणि कंपनी आपल्या हाती नसताना, गाणे तोंडोतोंडी फिरले तरी कवी हरवू नये, अशी ती सोय होती. पण ढोलकीवाल्याने काय करायचे? कोरस धरणाऱ्या बाईने नाव कुठे गुंफायचे?

काही कार्यकर्ते म्हणतील, चळवळीत व्यक्तीचे नाव कशाला हवे? आम्हाला हे पटत नाही. ज्यांची नावे आधीच पुस्तकांत, पुतळ्यांवर आणि पुरस्कारांवर कोरलेली आहेत, त्यांनाच अनामिक राहणे परवडते. ज्याचे नाव नोंदवले जात नाही, त्याचे श्रम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतात. जातिव्यवस्था हेच तर शतकानुशतके करत आली आहे.

कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये इथल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. आज आपली पोरे रॅप करतात, बीट बनवतात. मग जुने संगीत उकरून त्यावर नवे उभे करण्याची रीतही जरूर घ्या. फक्त एक अट पाळा.

नायगाव, वरळीच्या बीडीडी चाळी पाडल्या जात आहेत. सामान बांधताना जुन्या कॅसेट भंगारात जातात. त्याआधी त्या मागून घ्या. घरातल्या आजी-आजोबांना विचारा की पेटी कुणी वाजवली, ढोलकी कुणाची, कोरसला कोण होते, कार्यक्रम कुठल्या वस्तीत झाला. ते कव्हरवर लिहा, आवाजाची प्रत काढा. आणि त्यातला तुकडा आपल्या बीटमध्ये घ्याल, तेव्हा ती सगळी नावे आपल्या नावाच्या आधी टाका.

मॅडलिबने नसलेल्या माणसांना नावे दिली. आपल्याला तर असलेल्यांचीच परत द्यायची आहेत.

जयभीम!